ड्रायव्हर काकांची मोठी फेरी

ड्रायव्हर काका बेल मिळाल्याशिवाय हलत नसत. नोकरीत असताना तर सगळेच ड्रायव्हर हा नियम पाळतात. काका तो निवृत्तीनंतर, एसटीचं स्टेअरिंग सुटल्यावर, बुलढाण्यामागच्या जंगलात पाळत. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात काठी. आपण म्हणावं, "चला काका," तर ते समोर बघत ढिम्म उभे. मग मागून त्यांचा कुत्रा दोनदा भुंकायचा आणि पहिला गिअर पडल्यासारखे काका पाऊल उचलायचे. त्या कुत्र्याचं नाव अर्थातच कंडक्टर होतं.

मी मलकापूरचा. मलकापूरच्या उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो, म्हणून बुलढाण्याला बदली झाली तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं. वर डोंगरावरचं गाव, गार वारा, आणि भूमी अभिलेख कार्यालयातली नोकरी, म्हणजे दुसऱ्यांच्या जमिनी खुर्चीत बसून मोजायच्या. काकांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला आणि पहिल्या रविवारी उशिरापर्यंत लोळायचा बेत केला. उजाडायच्या आत दारावर काठी वाजली.

"साहेब, झोपून राह्यले काय?"

"काका, रविवार आहे."

"म्हनूनच त आलो. चाला, तुमच्यासाठी सीट राखून ठेवली हाये."

"कशात?"

"जंगलात," काका म्हणाले, आणि माझे बूट स्वतःच्या हातानं दारात आणून ठेवले. घरमालकाशी पहिल्याच आठवड्यात वाकडं नको म्हणून मी निघालो. माझं पोट त्या काळात माझ्या दोन पावलं पुढं चालत असे, आणि काकांनी त्याच्याकडे बघून "लगेज बरंच हाये" एवढाच शेरा मारला.

काकांच्या दोन फेऱ्या होत्या, लहान आणि मोठी. लहान फेरी गावाबाहेरच्या देवळापासून निघून टेकडीच्या पोटाला वळसा घालून उन्हं चढायच्या आत पुन्हा देवळाशी यायची. मोठी फेरीही देवळापासूनच, पण दिवसभराची. टेकडीच्या मागं उतरायचं, सागाच्या रानातून घाटाचा डांबरी रस्ता ओलांडायचा, पलीकडच्या नाल्याच्या काठानं जायचं आणि उलट बाजूनं खडी चढण चढून संध्याकाळी गावात शिरायचं. ज्या वाटेनं गेलो त्या वाटेनं परतायचं नाही, हा काकांचा कायदा होता. मी एकदा अर्ध्यावरून मागं फिरायची सूचना केली, तर म्हणाले, "गेल्या वाटेनं वापस येनं म्हंजे घरी इसरलेली छत्री आनाले जानं. त्याले फेरी नाई म्हनत." पलीकडे अभयारण्याची हद्द लागते, तिकडे मात्र त्यांनी कधी पाय टाकला नाही. तो दुसरा डेपो, आपल्याला तिथं परवाना नाही, असं त्यांचं म्हणणं.

वाटेवरच्या जागांना त्यांनी थांब्यांची नावं दिली होती. मोहाचं जुनं झाड म्हणजे चहापान. नाल्याकाठची जांभळीची सावली म्हणजे मोठा हॉल्ट. करवंदीच्या जाळ्यांमागं एक आडोसा होता, तो विनंती थांबा. तिथं थांबायचं असेल तर आधी सांगावं लागे. एकदा मी न सांगता तिकडे वळलो, तर परत येईपर्यंत काका रस्त्यात पाठमोरे उभे आणि कंडक्टर माझ्याकडे असा बघत होता की मला तिकीट दाखवावंसं वाटलं.

उन्हाळ्यात जंगलात काय ठेवलंय, असं गावातले लोक त्यांना विचारत. पावसाळ्यात चार पोरं धबधब्याशी फोटो काढायला जातात, त्यात काकांना काडीचा रस नव्हता. "पावसायात काय पायता? सारं हिरवं, एकासारखं एक. उन्हायात पानं झडली का मंग समजते कोन कोन हाये ते." आणि खरंच, त्यांच्या मागून चालताना मला पहिल्यांदा कळलं की पांढऱ्या खोडाची ती सालई, पिवळे झुबके लोंबतात तो बहावा, आणि पायाखाली कागदासारखी वाजतात ती सागाची पानं. मी जमिनी मोजणारा माणूस, पण जमिनीवर काय उगवतं ते बघायला कधी वाकलो नव्हतो.

उन्हाशी मात्र ते मस्ती करत नसत. प्रत्येकाच्या खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, आणि पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. दुपारभर जांभळीखाली पडायचं. ज्वारीची भाकर, ठेचा, कैरीची फोड, वर पाणी. भाकरीचा पहिला तुकडा कंडक्टरचा, आणि त्याच्यासाठी जर्मनची एक वाटी काकांच्या पिशवीत कायम. डांबरी रस्ता तापायच्या आत ओलांडायचा, कारण आपल्या पायात बूट असतात, त्याच्या नसतात. मग उन्हं कलली की उठायचं.

कंडक्टरची जन्मकथा काका अभिमानानं सांगत. डेपोत उभ्या असलेल्या एका नादुरुस्त बसखाली तो जन्मला, कँटीनच्या उष्ट्यावर वाढला आणि निरोप समारंभाच्या दिवशी काकांच्या मागं मागं घरापर्यंत आला. रंगानं तांबूस, एक कान पडलेला. फेरीला निघालेली माणसं तो मोजत असे. मोजत असे म्हणजे काय, तर सगळ्यांच्या मागं चालायचा, कुणी रेंगाळलं की त्याच्याजवळ जाऊन बसायचा, आणि सगळे एकत्र आले की दोनदा भुंकायचा. ती डबल बेल. एकदाच भुंकला तर ती सिंगल, जिथं आहात तिथं थांबा. "याला हे शिकवलं कुणी?" मी विचारलं. "डेपोत जलमला तो, त्याले काय शिकवा लागते?" काका म्हणाले. प्रत्येक डबल बेलमागं गुपचूप भाकरीचा तुकडा जाताना मी डोळ्यांनी पाहिला होता, पण भाडेकरूनं सगळंच बोलून दाखवायचं नसतं.

त्या सिंगल बेलची चेष्टा मी एकदाच केली. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. चहापानाच्या थांब्याकडे वळताना कंडक्टर एकदाच भुंकला आणि काका खांबासारखे उभे राहिले. मी म्हणालो, "काय काका, सिग्नल लागला का?" त्यांनी काठी आडवी धरून मला मागं सारलं. मोहाखाली एक अस्वल खाली मुंडी घालून फुलं चाटत होतं. ते कंटाळून नाल्याकडे उतरेपर्यंत आम्ही श्वास धरून उभे होतो, आणि कंडक्टर पुन्हा हूं की चूं करत नव्हता. ते गेल्यावर डबल बेल मिळाली. काका चालायला लागले, पण माझे पाय काही ऐकेनात. "बसा घडीभर," काका म्हणाले. "गाडी गरम झाली असन तुमची." त्या दिवसापासून मी कंडक्टरला मनातल्या मनात अहो-जाहो करतो.

काकांची एकुलती एक लेक ज्योती. लग्न होऊन पुण्याला गेलेली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. ज्योतीची आठवण निघाली की काका एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "पोरीच्या शाळेले उन्हायाच्या सुट्ट्या लागल्या का आमची जादा ड्युटी सुरू. लग्नसराई, गर्दी, छप्परावर मानसं. साऱ्या जगाची लेकरं म्या मामाच्या गावाले पोचवली, माह्यी पोरगी खिडकीत." ते हे हसत सांगत, पण सांगून झाल्यावर काठीनं उगाच पाचोळा उकरत बसत.

एका हिवाळ्यात काकांचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, वाटी बदलली. ज्योती महिनाभर येऊन राहिली आणि जाताना निर्णय सांगून गेली. उन्हाळ्यात येते आणि बाबांना कायमचं पुण्याला नेते. अकराव्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच आहे. कुत्र्याला सोसायटीत परवानगी नाही, तेव्हा त्याचं काय ते इथंच बघा. ती वाईट मुलगी नव्हती. रात्री-अपरात्री फोन वाजला की बाबांचंच काही झालं असेल असं तिला आधी वाटे, हे तिनं मला जिन्यात उभं राहून सांगितलं होतं. मला तिचं पटलं, आणि काकांकडे बघवेना.

काकांनी तिच्याशी वाद घातला नाही, सौदा केला. "मोठी फेरी पुरी करून दाखवतो. गाडीत न बसता. तू संगं चाल, पायल्याशिवाय तुले पटनार नाई. झाली त मी अन् कंडक्टर इथंच. नाई झाली त तुह्या गाडीत येऊन बसतो, पुन्यापर्यंत एक शबुद बोलनार नाई."

"बाबा, मी रोज ट्रेडमिलवर चालते," ज्योती म्हणाली. "माझी काळजी करू नका."

डॉक्टरांनी काकांना चालायला सांगितलं होतं, डोंगर चढायला नव्हे. काकांनी वाक्याचा पहिला भाग ऐकला. आधी गल्लीत, मग देवळापर्यंत, आणि होळीच्या सुमारास लहान फेरी. त्या दिवशी परत आल्यावर गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. मी म्हणालो, "काका, पुणं काही वाईट नाही हो." त्यांनी बर्फाची पिशवी गुडघ्यावर दाबली आणि म्हणाले, "साहेब, बेरिंग नवीन हाये. बसाले टाइम लागते." मी माडीवर गेलो आणि देवापुढं हात जोडले. मी तसा देव-देव करणारा माणूस नाही.

मे महिन्यात ज्योती आणि जावईबापू गाडी घेऊन आले. फेरीच्या दिवशी आम्ही उजाडताना निघालो. काका पुढं, मग ज्योती, मग साक्षीदार म्हणून मी, आणि शेवटी कंडक्टर. जावईबापू घाटाच्या रस्त्यावर, जिथं फेरी डांबरी ओलांडते तिथं, गाडी लावून थांबणार होते. निघण्यापूर्वी त्यांनी काकांची ट्रंक डिकीत ठेवून दिली होती. "वेळेवर धावपळ नको," असं ते मला हळूच म्हणाले.

ज्योती नव्या कोऱ्या बुटांत होती आणि सारखी बापाच्या पुढं जायची. काका म्हणाले, "ड्रायव्हरच्या पुढं पॅसेंजर नाई चालत." तिनं हसण्यावारी नेलं. कांदा खिशात ठेवला नाही, पाणी मागाहून पिईन म्हणाली. काका मात्र लयीत होते. काठी, डावा, उजवा. उतारावर ओठ दाबून चालत होते, गुडघा दुखत होता हे मला दिसत होतं, पण लय मोडली नाही. सागाचं रान संपून घाटाचा रस्ता दिसायला लागला तेव्हा ऊन चटके देत होतं, आणि ज्योतीचा चेहरा पांढरा पडला होता. टाचा सोलल्या होत्या, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. काकांनी तिला दंडाला धरून गाडीत बसवलं, कैरीचं पाणी पाजलं, आपला दुपट्टा ओला करून तिच्या डोक्यावर टाकला.

जावईबापूंनी एसी लावला आणि मागचं दार उघडून म्हणाले, "बाबा, आता तुम्हीही बसा. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही असं धरू."

काका रस्ता ओलांडून पलीकडे पायवाट उतरते तिथं जाऊन समोर तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्या मागं. आणि बेल येईना.

वळून बघितलं तर कंडक्टर गाडीच्या दाराशी, सावलीत बसला होता. ज्योतीकडे बघत. त्याची मोजदाद भरत नव्हती. मी शीळ घातली, चुचकारलं, भाकरीचा तुकडा दाखवला. तो जागचा हलला नाही. शेवटी मी, वर्ग तीनचा सरकारी कर्मचारी, घाटाच्या भर रस्त्यात दोनदा भुंकलो.

"साहेब," काका मागं न बघता म्हणाले, "तुमाले तो अधिकार नाई."

"काका, तुम्ही तसेच चला ना! अर्धं झालंय. एवढं उतरलं की जांभळीची सावली आहे. कुत्र्यासाठी घर घालवता का?"

"कुत्र्यासाठी नाई." आता ते वळले. "एवढ्या वर्सांत एक पॅसेंजर रस्त्यात टाकून गाडी काढली नाई म्या. आन आता लेक टाकून जाऊ?"

गाडीची काच खाली होती. ज्योतीनं ऐकलं. तिनं विचारलं, "बाबा, मी नाही उतरले तर?"

"त मंग मी बी इथंच. हारलो म्हन."

जावईबापूंनी घड्याळाकडे पाहिलं आणि मला खुणेनं सांगितलं, झालं. मलाही वाटलं, झालं. इतका जीव तोडून तयार केलेला गुडघा आणि सगळा डाव एका पडलेल्या कानाच्या कुत्र्यापायी जाणार, याचा मला भयंकर संताप आला होता. ज्योती मात्र बापाकडे बघत होती. साठी ओलांडलेला माणूस, डोक्यावर दुपट्टा नाही, उन्हात उभा, आणि तोंडावर रागाचा लवलेश नाही.

"दर सुट्टीत मी खिडकीत बसायची," ती नवऱ्याला म्हणाली, पण आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "सगळ्या मैत्रिणींचे बाबा त्यांना कुठं कुठं न्यायचे. आज पहिल्यांदा माझे बाबा मला घेऊन निघालेत आणि मी गाडीत बसलेय."

तिनं बूट काढून गाडीत टाकले. नवऱ्याच्या पायातल्या चपला मागून घेतल्या, त्या तिला होडीएवढ्या होत होत्या. ओला दुपट्टा डोक्याला घट्ट गुंडाळला, माझ्याकडून कांदा घेतला आणि रस्ता ओलांडून बापाच्या मागं उभी राहिली. कंडक्टर उठला. आमच्याभोवती एक चक्कर मारली, ज्योतीच्या पोटरीला नाक लावलं आणि दोनदा भुंकला. इतक्या जोरात तो पुन्हा कधी भुंकल्याचं मला आठवत नाही.

दुपार जांभळीखाली गेली. ज्योती झोपली आणि काका तिच्यावर पळसाच्या पानानं वारा घालत बसले. मी झोपेचं सोंग घेतलं. उन्हं कलल्यावर शेवटची खडी चढण होती. तिथं काकांनी काठी लेकीला दिली आणि स्वतः हातानं खडकांना धरून चढले. मध्ये एकदा गुडघा लचकला, काका जागीच थबकले, आणि आम्ही दोघंही त्यांना धरायला धावलो. "गिअर बदलून राह्यलो," ते म्हणाले, आणि चढले. वर आल्यावर खाली गाव दिसलं तेव्हा ज्योती लहान पोरीसारखी ओरडली, "बाबा, झालं! आपलं झालं!"

काकांनी तरीही जवळची गल्ली घेतली नाही. फेरी पुरी म्हणजे पुरी. देवळाशी येऊन, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना एकेकाला नमस्कार घालत, छाती काढून, सावकाश घरी आले. निवडून आलेला सरपंचसुद्धा असा चालत नसेल. मी त्यांच्या मागं होतो, माझे पाय मोडून आले होते, आणि मला इतका आनंद झाला होता की येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगावंसं वाटत होतं.

जावईबापू दारात वाट बघत होते. "मग उद्या सकाळी किती वाजता निघायचं?"

ज्योती ओट्यावर बसली, चपला काढल्या, सोललेल्या टाचांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी डिकीतून बाबांची ट्रंक उतरवा."

काकांनी कंडक्टरला जवळ ओढलं आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ बसून राहिले. आम्ही तिघंही दुसरीकडे बघत राहिलो.

पुढं माझी मेहकरला बदली झाली. निरोप देताना काका स्टँडवर आले होते. माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "लगेज कमी झालं. आता वाढू नका देऊ." मी वाढू दिलेलं नाही. रविवारी उजाडताना मला आपोआप जाग येते, आणि ज्या वाटेनं गेलो त्या वाटेनं परत यायला अजून लाज वाटते.

दरवर्षी मे महिन्यात मात्र मी बुलढाण्याला जातो. ज्योती नवऱ्याला, पोरांना घेऊन येते आणि आम्ही सगळे मोठ्या फेरीला निघतो. काका पुढं असतात, कंडक्टर मागं. गेल्या खेपेला देवळापाशी एका म्हाताऱ्यानं ज्योतीला अडवून विचारलं, "काऊन वं पोरी, बापाले पुन्याले न्याले आली होतीस ना तू? मंग काय झालं?"

ज्योतीनं दुपट्टा सारखा केला. बापाच्या मागं रांगेत उभी राहत ती म्हणाली, "न्याले मीच आली होती, आबा. नेलं त्याईनं मले."